कणकेचा गोळा आंबला कशानं? अंगणवाडीतल्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंगणवाडी मिळून चार महिने झालेत, गाव यवतमाळकडचं, लेकरं वीस-बावीस. मोबाईलवर पाहून तुम्ही कणकेत दोन चमचे मीठ, जरा तेल नि रंग घालून खेळायचा गोळा भिजवला. पहिल्या दिवशी लेकरं खूश. दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी बोटांना लागणारा लगदा, चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. व्हिडिओतलं ‘क्रीम ऑफ टार्टर’, म्हणजे एक आंबट पूड, तालुक्याच्या दुकानातही मिळालं नाही. एक पोट्टं गोळा खाते. त्यात गावातल्या दोन आजी दारात येऊन बोलून गेल्या की खायचे गहू खेळायला कशाला देता. आणि शेवटी विचारलंय, विकतचीच क्ले आणावी का?

मी वर्धा जिल्ह्यात तेवीस वर्षं अंगणवाडी चालवली. असे आंबलेले गोळे मीही उकिरड्यावर टाकलेत. त्या टार्टरच्या मागे लागू नका, त्यानं तुमचा गोळा वाचला नसता. मीठ कमी पडलं, पीठ कच्चं राहिलं आणि महिना जुलैचा होता. आजींचं बोलणं हा चौथा मुद्दा, तो मला या तिन्हींपेक्षा मोठा वाटतो, त्यावर पुढे लिहिते. प्रमाण सांगते, पण ते तुमच्याकडे जसंच्या तसं बसेल असं नाही. पीठ कोणतं, हवा कशी, लेकरं केवढी यावर बरंच ठरतं.

आधी मीठ. पोळीच्या कणकेत मीठ चवीपुरतं असतं, इथे ते राखणीला आहे. आंब्याचं लोणचं वर्षभर टिकतं आणि रात्रीची उरलेली कणीक सकाळी आंबते, यातला फरक बराचसा मिठाचाच. पिठात पाणी पडलं की त्यातले सूक्ष्मजीव कामाला लागतात. पाण्यात भरपूर मीठ विरघळलेलं असेल तर ते पाणी त्यांना वापरता येत नाही. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढचं तळाशी बसतं. खेळायच्या गोळ्यात आपल्याला ती हद्दच गाठायची असते. म्हणून दोन वाट्या पिठाला एक पूर्ण वाटी मीठ. पहिल्यांदा हे प्रमाण ऐकलं तेव्हा माझाही हात थांबला होता. मीठ बारीक घ्या. खड्याचं असेल तर मिक्सरमधून किंवा पाट्यावर काढा, नाहीतर गोळा वाळूसारखा खरखरतो.

आता शिजवणं. हे तुम्हाला कोणी व्हिडिओतून शिकवायची गरज नाही, तुम्ही भाकर थापता. ज्वारीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटून राहायची ताकद, गेली की आपण ते उकळत्या पाण्यात भिजवतो, मग भाकर तुटत नाही. का? पिठातला स्टार्च साधारण ६० अंशांच्या पुढे तापला की पाणी पिऊन फुगतो आणि चिकी धरतो. कच्च्या पिठात पाणी नुसतं अडकून बसलेलं असतं, मळता मळता सुटतं आणि हाताला लागतं. शिजवलेल्या गोळ्यात ते पिठानं धरून ठेवलेलं असतं. शिजवलेला गोळा माझ्याकडे थंडीच्या दिवसांत तीन-चार आठवडे चाललाय. कच्चा, मीठ भरपूर घातलेला असला तरी, आठवडाभरात नकोसा होतो.

माझी पद्धत अशी. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, एका मोठ्या लिंबाचा रस. वाटी कोणतीही घ्या, पण सगळ्याला तीच. लिंबू महाग असेल त्या महिन्यात चमचाभर लिंबूसत्व चालतं, किराणा दुकानात मिळतं. तुमच्या टार्टरचं काम तेच, थोडी आंबट बाजू देऊन गोळा मऊ ठेवायचा. काही जणी तुरटी घालतात. मी घालत नाही, तोंडात घालणाऱ्या लेकरांसमोर आणखी एक वस्तू कशाला. सगळं थंड असतानाच जाड बुडाच्या गंजात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग मंद आचेवर ठेवून सराट्यानं हलवत राहा. पाच मिनिटांत कडेनं सुटायला लागतं आणि एकदम जड होतं. इथे बहुतेक जणी घाबरून गंज उतरवतात. उतरवू नका, अजून दोन मिनिटं द्या. बोट लावून पाहिलं तर पीठ बोटाला येऊ नये. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतकं निवलं की तेलाचा हात लावून दहा मिनिटं चांगलं तिंबा. एवढ्यात लिंबाएवढे बारा-चौदा गोळे होतात. तुमच्या बावीस लेकरांना दुप्पट लागेल.

मैदा का, असं विचाराल. कणीकही चालते, फक्त कोंड्यामुळे रंग मळका येतो, पाणी थोडं जास्त लागतं आणि गोळा लवकर खवट होतो. गहू नको असेल तर तांदळाचं पीठ उकडीसारखं शिजवून करता येतं. त्याचा गोळा गुळगुळीत होतो पण ताणला की तुटतो, साप-दोरी करायला कामाचा नाही. तेल फल्लीचं किंवा सोयाबीनचं. घरी जवसाचं असेल तर ते मात्र नको. जवसाचं तेल हवेवर सुकत जातं, गोळा वरून चिवट नि चिकट होतो आणि वासही धरतो. एकदा मी तेच घालून बसले होते.

तर मीठ वाढवलं आणि पीठ शिजवलं की आंबणं नि बुरशी यांचा बंदोबस्त झाला. चिकटपणा मात्र अजून राहिला, आणि तो आपल्या हवेचा आहे.

श्रावणात बरणीतलं मीठ ओलं होतं, हे तुम्ही दरवर्षी पाहता. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्या गोळ्यात वाटीभर मीठ आहे, तोही तेच करणार. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर आणि हवा कोरडी ठाक, तोच गोळा पंधरा मिनिटं उघडा राहिला की वरून पापडी धरतो आणि पांढरं मीठ फुलून येतं. पुण्या-मुंबईच्या बाईनं दाखवलेली एकच एक कृती विदर्भात बारा महिने कशी चालेल?

म्हणून मी वर्ष वाटून घेतलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत पिठाचा गोळा, हे त्याचे खरे दिवस. उन्हाळ्यात करायचा तर पाणी दोन चमचे जास्त, झाकण घट्ट आणि खेळताना शेजारी पाण्याची वाटी, बोटं ओली करायला. पावसाळ्यात करायचाच झाला तर अर्ध्या मापाचा, आणि चिकटला की कोरडा मैदा लावून तिंबायचा किंवा तव्यावर जरा परतून घ्यायचा. पाणी कधीच नाही. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवा. फ्रीज आपल्या अंगणवाडीत नसतो, आणि त्याची गरजही नाही.

पण खरं सांगू का, जून ते सप्टेंबर मी पीठ बाजूलाच ठेवायची. या महिन्यांत आपल्याकडे मातीचा मान असतो. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल पुजतात, दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मातीच्या मूर्ती मांडून मुलींची गाणी. लेकरांना मातीची ओढ आपोआप असते, ती सोडून पिठाच्या मागे का लागा. अडचण एवढीच की आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून वावरात भेगा पडतात आणि मातीच्या बैलाचे पाय तुटतात. तिच्यात चाळलेली राख नि थोडा पिंजलेला कापूस घालून मळा, भेगा खूप कमी होतात. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडूनच मळलेल्या मातीचा गोळा मागून आणा. दहा-वीस रुपयांत किंवा नुसत्या चहावर काम होतं. माती कुठून घ्यायची याला मात्र मी फार जपते. फवारणी झालेल्या वावरातली नाही, नालीच्या काठची नाही, जिथे लोक परसाकडे बसतात तिथली तर मुळीच नाही. मी मे महिन्यात तळ्याचा सुका गाळ आणून, चार दिवस कडक उन्हात पसरून, चाळून पोत्यात भरून ठेवायची.

आता त्या दोन आजी. त्यांच्यावर रागावू नका. ज्यांनी रेशनच्या रांगेत दिवस काढलेत त्यांना पिठाचा गोळा जमिनीवर पडलेला पाहवत नाही. मला तर त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. मी दोन गोष्टी केल्या. पहिली, अंगणवाडीच्या आहारातल्या धान्याला कधी हात लावला नाही. मैदा नि मीठ वेगळं आणायचं, आणि ते पुडके सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. दुसरी, आजींनाच आत बोलावलं. लग्नाच्या रुखवतात ठेवायला गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे असं वळवट, म्हणजे कणकेचे हातानं वळलेले बारीक प्रकार, कोण करतं? ह्याच. नखुला कसा होतो आठवा: कणकेचा बारीक कण अंगठा नि बोट यांत धरून नखानं दाबायचा. पुढे पेन्सिल धरायला लेकराला जी चिमूट लागते, ती हीच. एका आजीला मी पाट दिला, गोळा दिला, म्हटलं दाखवा ह्यांना. तासभर हलल्या नाहीत. आषाढातल्या अमावस्येला, आपल्या जिवतीला, कित्येक घरांत कणकेचे दिवे होतात, तेव्हा कोणी म्हणत नाही अन्नाशी खेळता म्हणून. त्या आजींनीच नंतर गावात सांगितलं की बाई लेकरांना वळवट शिकवते. असं कौतुक मी स्वतः करून मिळालं नसतं.

जवळ असलेल्या वस्तूंतून बालवाडी उभी करायची, ही वाट तशी जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांनी कोसबाडला ते वाढवलं, तेव्हापासून शिंपले, बिया, माती, पानं हेच साहित्य. परदेशी महाग साधनांची त्यांनी गरज ठेवली नाही. तुमच्या गावातलं वळवट त्याच रांगेतलं.

खाणाऱ्या पोराचं म्हणाल तर, शिजवलेला गोळा इतका खारट असतो की बहुतेक लेकरं एकदा जिभेवर लावून थुंकतात. पण सगळी थुंकत नाहीत. एका चहाच्या चमच्यात सहा ग्रॅमच्या आसपास मीठ मावतं, लहान जिवाला तेवढंसुद्धा जास्त आहे. गोळ्याचा मोठा तुकडा पोटात गेला, उलट्या झाल्या, लेकरू सुस्त पडलं तर वाट न पाहता दवाखाना. जे पोट्टं सवयीनं खाते, त्याला मिठाचा गोळा द्यायचाच नाही. त्याच्यासाठी पोळीची साधी ताजी कणीक, त्याच दिवसापुरती. दोन वर्षांच्या आतल्या सगळ्यांना हाच नियम, आईनं पोळ्या लाटताना शेजारी बसवून दिलेला चिमूटभर गोळा. आणि सारखं माती-पीठ खाणारं लेकरू असेल तर एएनएम ताईंना, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सना, दाखवा. रक्त कमी असलेली लेकरं असं करतात.

मिठाची आणखी एक बाजू कोणी सांगत नाही. थंडीत हाताला भेगा पडलेल्या, खरूज झालेल्या लेकराला हा गोळा झोंबतो. ते सांगत नाही, नुसतं हात मागे घेऊन बसतं आणि आपण म्हणतो याला आवड नाही. म्हणून आधी हात पाहायचे. प्रत्येकाचा गोळा वेगळा, ज्याच्या-त्याच्या डबीत. डोळ्यांची साथ किंवा हगवण गावात असेल तेव्हा सगळे गोळे टाकून द्यायचे, सगळेच जंतू मिठानं मरतात असं नाही.

आणि बाप्पा, सजवायच्या वस्तू! बैलाला डोळे लावायला लेकरं गुंजा आणतात, लाल-काळ्या, दिसायला सुंदर. गुंज विषारी आहे, एरंडीचं बी विषारी आहे, दोन्ही अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत नको. पेरणीच्या पाकिटातलं रंगीत सरकीचं बी औषध लावलेलं असतं, तेही नको. ठसे काढायला झाकणं गोळा करताना फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण त्यात येणार नाही हे स्वतः पाहा, आपल्या भागात ती झाकणं घराघरांत पडलेली असतात. ज्वारी-तुरीचा दाणा पाच वर्षांच्या वरच्यांना, तोही तुमच्या डोळ्यांसमोर, कारण तो नाकातही जातो. बाकी पऱ्हाटीच्या काड्या, जुनी फणी, चाळणी, बांगडी, कडुलिंबाचं पान, एवढ्यात महिना जातो.

रंग. हळद सर्वांत सोपी, गोळा शिजवतानाच घाला. हात धुताना मजा होते. साबण लागला की हळदीचा पिवळा रंग लालसर होतो, लिंबू चोळलं की परत पिवळा. आमच्याकडे हात धुण्यासाठी कधी ओरडावं लागलं नाही त्याचं कारण हेच. कपड्यावरचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून त्या पाण्यातच गोळा करा, केशरी-पिवळा येतो. बीट मात्र शेवटी, गोळा निवल्यावर, आचेवर त्याचा रंग उडतो. खायचा रंग चिमूटभर चालेल. कुंकू, गुलाल, रांगोळीचे रंग, कपड्याची निळ यातलं काहीही नाही, त्यात काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

विकतची क्ले वाईट नाही. तेलकट क्ले, शाळेच्या कंपासपेटीशेजारी मिळते ती, मूळ इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हार्बट नावाच्या चित्रकला शिक्षकानं १८९७ मध्ये काढली. त्याला न वाळणारी माती हवी होती. ती आंबत नाही, पण थंडीत दगड होते, मे महिन्यात वितळल्यासारखी होते आणि चटईत शिरली की निघत नाही. दुसरी, परदेशी डबीतली मऊ क्ले, ती आपल्यासारखीच पीठ-मीठ-पाण्याची आहे. अमेरिकेत घराच्या भिंतींवरच्या कागदाची काजळी पुसायला असा एक लगदा विकत, तोच १९५६ पासून ‘प्ले-डो’ म्हणून लेकरांना विकायला लागले. तो बदल सुचवला एका बालवाडीच्या बाईनं. बावीस लेकरांना ती पुरवायची तर तुमचं मानधन त्यात जाईल. घरचा गोळा वीस-पंचवीस रुपयांत होतो. दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या तर लेकरांना फरक फक्त वासाचा वाटतो.

गोळा झाल्यावर करायचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते. नमुन्याचा हत्ती करून समोर ठेवू नका. मी पहिली दोन वर्षं तेच केलं. वीस हत्ती व्हायचे, त्यातले अठरा रडके, कारण माझ्यासारखी सोंड कोणाचीच होत नव्हती. नुसता गोळा हातात द्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका. तीन वर्षांचं लेकरू चेपतं, बोट खुपसतं, तुकडे करतं. ते बिघडवत नाही, त्याचं तेच काम आहे. चौथ्या वर्षी लाडू नि साप होतात. पाचव्याला पाय लागतात, शिंगं लागतात, ‘हे आमचं घर, ही गाय’ असं सुरू होतं. पाच वर्षांचं होऊनही लेकरू फक्त मुठीनं दाबत असेल, चिमूट वापरतच नसेल, तर लिहायला बसवायची घाई करू नका, आणखी महिनाभर नखुले करू द्या. तुमच्याकडे कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारं लेकरू असेल तर आणखी एक. मराठी कळत नाही म्हणून ते गप्प असतं. गोळ्यापुढे भाषा लागत नाही. त्यानं काही केलं की तुम्हीच विचारा, याला तुमच्या घरी काय म्हणतात, आणि तो शब्द बाकीच्यांकडून म्हणवून घ्या.

केलेल्या वस्तू ठेवायच्या असतील तर अर्ध्या बोटाहून जाड नको, आणि वाळवण उन्हाळ्यातच, सांडगे-पापडासोबत. अर्ध्या दिवसानं उलटत राहा. पावसाळ्यात वाळलेलीसुद्धा परत पाणी सोडतात.

हे मला कसं कळलं तेही सांगते. एका वर्षी १५ ऑगस्टसाठी लेकरांनी पिठाची फुलं केली, मी ती उन्हाळ्यातल्या फुलांसोबत ओवून दाराला तोरण बांधलं. दोन दिवस झड लागली. तोरणाला घाम फुटला, मीठ ठिबकायला लागलं, तिसऱ्या दिवशी सकाळी ते उंबऱ्यावर पडलेलं. मी झाडू आणेपर्यंत शेजारची बकरी अर्धं खाऊन मोकळी. जनावराला मिठाची भारी ओढ. दिवसभर ती बादलीमागून बादली पाणी पीत होती आणि मालकीण माझ्या दारात बसून होती. बकरी वाचली. तेव्हापासून जुना गोळा मी उकिरड्यावर टाकत नाही, झाडाच्या बुडाशीही नाही, मिठानं झाड जळतं. रस्त्यापासून दूर, हातभर खड्डा करून पुरते आणि वर दगड ठेवते.